स्कूटरच्या बेल्ट कव्हरची हवा: किनाऱ्यावरच्या गाड्यांसाठी

स्कूटरचं डाव्या बाजूचं लांबट कव्हर उघडलं आणि आत काळी भुकटी, तांबडी माती आणि पुलीवर पांढरा खार असं तिन्ही एकत्र दिसलं, की गाडी किनाऱ्यावरची आहे हे विचारावं लागत नाही. माझं गॅरेज दापोलीत आहे. हर्णै बंदरावरून मासळीचे क्रेट घेऊन वर चढणाऱ्या गाड्या, केळशी-आंजर्ल्याकडून दोन माणसं आणि सामान घेऊन येणाऱ्या, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या, या सगळ्या माझ्याकडे एकच दुखणं घेऊन येतात: बेल्ट परत गेला.

नवा बेल्ट टाकायला वेळ लागत नाही. पण तो ज्या उष्णतेत भाजला ती तशीच राहिली तर नवाही त्याच वाटेने जाणार. म्हणून आधी कव्हरच्या हवेचं काम करा, मग बेल्ट टाका. हे काम कोणताही हाताने नीट काम करणारा माणूस घरी करू शकतो.

आधी हवा कुठून कुठे जाते ते समजून घ्या. इंजिनच्या टोकाला पुढची पुली, चाकाच्या बाजूला मागची, आणि मधे बेल्ट. रेस वाढली की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर सरकतात, पुलीच्या दोन ताटल्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी आपोआप वरच्या गिअरला गेल्यासारखी पळते. १९८४ साली कायनेटिक होंडा आली तेव्हा आपल्याकडच्या मेकॅनिकांना हे नवीन होतं. आता प्रत्येक वाडीत आहे. पुढच्या पुलीच्या बाहेरच्या ताटलीला पाती असतात. त्या पात्यांचा पंखा मधल्या भागातून हवा ओढतो आणि कडेने फेकतो. ती हवा बेल्टच्या बाजूने वाहत मागच्या पुलीवरून, क्लचवरून जाते आणि कव्हरच्या मागच्या-खालच्या फटीतून बाहेर पडते. आत येणाऱ्या तोंडाला बहुतेक गाड्यांत स्पंजची जाळी किंवा रबरी डक्ट असते.

उष्णता दोन ठिकाणी तयार होते: बेल्ट पुलीवर घसरतो तिथे, आणि क्लच शू (क्लचचे घासणारे तुकडे) बेलवर (त्यांच्याभोवतीच्या लोखंडी वाटीवर) घासतात तिथे. चढावर हळू, ओझ्याने भरलेली गाडी म्हणजे दोन्ही एकाच वेळी. बेल्टच्या रबराचा एक ढोबळ नियम आहे: त्याचं चालतं तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्याच्या आसपास येतं. त्यामुळे आतली हवा थोडी जरी गार राहिली तरी फरक मोठा पडतो.

आता भोकांबद्दल. हल्ली पोरं मोबाईलवर कॅनडा-अमेरिकेतल्या स्नोमोबाईलचे, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीचे, व्हिडिओ बघतात आणि कव्हर घेऊन येतात, म्हणतात, काका, याला अशीच भोकं पाडून द्या. ती गाडी खरोखर आपल्या स्कूटरची नातेवाईक आहे. तिथेही दोन पुल्या आणि रबरी बेल्टच असतो. तिथले लोक क्लचच्या कव्हरला झरोके पाडून वर बारीक जाळी बसवतात, कारण तिकडे बाहेरची हवा गोठलेली असते आणि बेल्टवरचा ताण प्रचंड. पण तिथेही कव्हरचं पहिलं काम संरक्षणाचं आहे: बेल्ट फुटला तर त्याचे तुकडे चालवणाऱ्याच्या पायावर येऊ नयेत. आणि भुसभुशीत बर्फ झरोक्यातून आत गेला की बेल्ट ओला होऊन घसरतो, ही कटकट त्यांनाही आहे. आपल्याकडे बर्फाच्या जागी जांभ्याची धूळ आहे आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी. मी पुढच्या पुलीसमोर भोक पाडून देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

कारण फक्त धूळ नाही. पंख्याच्या कडेजवळ भोक पाडलं तर हवा तिथूनच बाहेर निसटते, मागच्या पुलीपर्यंत पोचतच नाही. कव्हर पुढून हाताला गार लागतं, माणूस खूश होतो, आणि मागे क्लच भाजत राहतो. पंख्याच्या मध्याजवळ भोक पाडलं तर ते गाळणी चुकवून कच्ची धूळ आत ओढतं. कोकणात खरी सुधारणा म्हणजे हवा आत घेण्याची जागा उंच आणि कोरडी करणं, आणि बाहेर पडायची वाट मोकळी करणं. मधे कुठेही गळती नको.

कामाला लागू. गाडी मेन स्टँडवर, इंजिन पूर्ण गार. कव्हरचे बोल्ट बहुतेक ८ नंबरच्या टी-पान्याने निघतात. त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवा. कव्हर पाचरीने उचकटू नका. लाकडी मुठीने कडेला हलके ठोके दिले की सुटतं. किक असलेल्या बहुतेक गाड्यांत तिची यंत्रणा कव्हरलाच असते, म्हणून कव्हर सरळ बाहेर घ्या, आणि दोन पोकळ पिना कुठे बसल्या होत्या ते बघून ठेवा.

आतली काळी भुकटी तोंडाने फुंकू नका. क्लच शूची भुकटी फुप्फुसात जाणं वाईट, जुन्या शूमध्ये अॅस्बेस्टॉसही असू शकतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने आणि ब्रेक क्लीनरने पुसून काढा. पंख्याच्या पात्यांमधली खाच जुन्या टूथब्रशने साफ करा. तांबडी माती आणि दमट हवा मिळून तिथे खापरीसारखा थर बसतो, आणि पाती भरलेला पंखा हवा ढकलूच शकत नाही. मी बघितलेल्या कितीतरी गाड्यांना एवढ्यानेच अर्धा गुण आला.

मग आत येणारं तोंड. पावसाळ्यानंतर बंद पडून राहिलेल्या गाडीत इथे कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास सापडतं. तिला बोटभर रुंदीचं भोक आवडतं आणि डक्टचं तोंड नेमकं तसंच असतं. काडीने कोरून काढा, तुकडे आत पडू देऊ नका. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. बोटाने चुरगळून कणी पडत असेल तर नवा घ्या. पेट्रोलमध्ये धुऊ नका, आणि तेल लावायला कंपनीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर लावू नका. ते तेल पुढे बेल्टवर जातं.

आता मुख्य बदल: हवा घेण्याची जागा वर नेणं. मूळ तोंड खाली, चाकाच्या पुढ्यात असेल तर चाकाने उडवलेली धूळ आणि डबक्यातलं पाणी तेच पितं. कव्हरच्या तोंडाला रबरी नळी जोडून तिचं दुसरं टोक साइड पॅनेलच्या आत, सीटखाली नेऊन ठेवायचं, तोंड खाली वळवून. नळी कारच्या रेडिएटरची जाड रबरी घ्या. वॉशिंग मशीनची वळ्यावळ्यांची नळी स्वस्त पडते, पण आतले कडे हवेला अडवतात. व्यास मूळ तोंडापेक्षा कमी नको. ३० मिलिमीटरच्या तोंडाला २५ ची नळी जोडलीत तर हवेची वाट जवळजवळ तीस टक्क्यांनी अरुंद होते, म्हणजे सुधारणेच्या नावाखाली नुकसान. वळण एकच, मोठं. ज्या गाड्यांना कारखान्यातूनच अशी घडीची डक्ट आहे त्यांना नवं काही नको. ती चिरलेली आहे का एवढंच बघा.

इथे एक गोष्ट लोक विसरतात. स्कूटरचं इंजिन चाकाबरोबर वर-खाली डुलतं, बॉडी वेगळी हलते. नळी ताठ बांधलीत तर हर्णैच्या पहिल्याच खड्ड्यात ती उपसते. कव्हरच्या टोकाला होस क्लॅम्प घट्ट, वरच्या टोकाला फक्त आधार, मधे ढील. दोन माणसं सीटवर बसवून गाडी दाबून बघा: नळी ताणली जाते का, सायलेन्सरला किंवा चाकाला लागते का. वरच्या तोंडाला बारीक स्टीलची जाळी गुंडाळा, कुंभारणीसाठी. मच्छरदाणीचं कापड लावू नका, धुळीने लगेच भरतं. इंजिनच्या एअर फिल्टरच्या तोंडापासून नळी लांब ठेवा.

बाहेर जाणारी वाट हा दुसरा भाग. कव्हरच्या मागच्या टोकाला खालची फट चिखलाने बंद झालेली असते, ती खरवडा. पुढे तळाला पाणी काढायचं भोक आणि रबरी बूच असेल तर तेही मोकळं करा. बहुतेक गाड्यांना इथवरचं काम पुरतं.

रोज ओझ्याने चढ चढणारी गाडी असेल तरच मागच्या बाजूला झरोके पाडा, आणि तेही क्लच बेलच्या मागे, खालच्या अर्ध्या भागात, जिथे कव्हरला आतून रिब (मजबुतीची उभी पट्टी) नाही आणि बेअरिंगचं घर नाही. ५ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब असे तीन झरोके म्हणजे साधारण ४५० चौरस मिलिमीटरची जादा वाट, तेवढं पुष्कळ. दोन्ही टोकांना ५ चं ड्रिल मारून मधलं कानशीने जोडा, म्हणजे कोपरे गोल राहतील आणि तिथून तडा जाणार नाही. आतली बर (कापलेल्या कडेची खरखर) बोटाला जाणवणार नाही इतकी घासा. प्रत्येक झरोक्यावर पत्र्याची छोटी पट्टी कौलासारखी उतरती, मागे तोंड करून, पॉप रिव्हेटने बसवा. रिव्हेटचं आतलं टोक फिरत्या बेलपासून नीट लांब आहे ना, हे हाताने चाक फिरवून बघा. सगळा भुगा धुतल्याशिवाय कव्हर लावू नका. अॅल्युमिनियमची एक कणी पुलीवर चरा पाडते. प्लास्टिकचं कव्हर असेल तर झरोके नकोतच. आणि गाडी वॉरंटीत असेल तर कापाकापीआधी थांबा.

कव्हर उघडं आहे तोवर बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजा, पुस्तकातल्या मर्यादेशी ताडा. रोलरला सपाट कड पडली असेल तर पूर्ण सेट बदला. पुलीच्या ताटलीवर खाऱ्या हवेने पांढरे फोड आले असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने गोल फिरवत काढा आणि क्लीनरने पुसा. क्रँकच्या सीलमधून तेल झिरपत असेल तर आधी ते थांबवा. तेलकट बेल्टला कितीही हवा दिली तरी तो घसरणार. नवा बेल्ट बसवताना बाण चाक फिरण्याच्या दिशेला हवा. पुढचा नट आवळण्याआधी बेल्ट मागच्या पुलीत खोल दाबून ठेवा, नाहीतर तो पुढे ताटल्यांमध्ये चिमटतो आणि नट घट्ट झाल्यासारखा वाटतो.

कव्हर लावताना पॅकिंग नवं घ्या. चिरलेल्या पॅकिंगमधून पंखा धूळ ओढतो आणि वर नेलेल्या नळीचा काही उपयोग राहत नाही. बोल्ट आडवे-तिरपे, दोन फेऱ्यांत आवळा.

मग तपासणी. मेन स्टँडवर गाडी चालू करून नळीच्या तोंडाजवळ दोऱ्याचा तुकडा धरा. रेस थोडी वाढवली की तो आत ओढला गेला पाहिजे, आणि मागच्या फटीजवळ बाहेर उडाला पाहिजे. मागचं चाक फिरत असतं, हात आणि ओढणी लांब. उदबत्तीच्या धुराने बघायचा मोह होतो, पण पेट्रोलजवळ पेटती वस्तू नको. खरा आकडा हवा असेल तर तापमान मोजणारं मल्टिमीटर घ्या, त्याची तार मागच्या फटीत चिकटपट्टीने बांधा. बदलाआधी आणि नंतर, त्याच चढावर, तेवढंच ओझं घेऊन जा, वर पोचल्यावर लगेच वाचा आणि बाहेरच्या हवेचं तापमान त्यातून वजा करा. तो फरक कमी झाला तर काम जमलं.

चालवायची एक सवयही बदलायला हवी. चढावर गर्दीत गाडी अॅक्सिलेटरवर रोखून धरू नका; ब्रेक धरा. क्लच अर्धवट घासत राहिला तर जी उष्णता होते ती कोणतीच नळी पुरी बाहेर काढू शकत नाही.

पावसाळ्यात मोरीवरून वाहत्या पाण्यात गाडी घालावी लागली आणि पाणी कव्हरच्या तळाला लागलं, तर पुढे थांबून तळाचं बूच काढा, पाणी गळू द्या, स्टँडवर हळू रेसने बेल्ट कोरडा होऊ द्या, मग ओझं ओढा. वरच्या जाळीवर मे महिन्यात आणि परत दिवाळीच्या आसपास नजर टाका. समुद्राजवळच्या वाड्यांत मधेही एकदा. जाळी गंजायला लागली असेल तर कातरीने नवी कापून बसवा.