एल्मचं लाकूड: रंध्याआधी थप्पी लावायला शिका

एल्म म्हणजे थंड प्रदेशात वाढणारं, रुंद पानांचं एक झाड. ते ओळखताना आधी पान बघा. देठापाशी पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक जास्त खाली उतरते, कडेला दात आणि त्या दातांवर परत बारीक दात. सायबेरियन एल्मचं पान मात्र लहान, जवळजवळ सरळ आणि साध्या दातांचं असतं, म्हणून नुसत्या पानावर जाऊ नका. ओंडका असेल तर टोकाचा थोडा भाग धारदार पटाशीने साफ करून भिंगातून बघा, प्रत्येक वाढकड्यात आधी मोठी छिद्रं आणि मग बारीक छिद्रांच्या नागमोडी रेघा दिसतील. ॲश आणि हॅकबेरी ही एल्मसारखं लाकूड असणारी दुसरी झाडं; ॲशमध्ये अशा रेघा नसतात, हॅकबेरीत असतात, तिथे साल बघायची. अमेरिकन एल्मची साल आडवी कापली की फिकट आणि तपकिरी थर आलटून पालटून दिसतात, रेड एल्ममध्ये ते फिकट थर नसतात आणि आतली साल बुळबुळीत लागते.

फुकट मिळणारा एल्म बहुतेक वेळा डच एल्म रोगाने (बुरशीमुळे होणाऱ्या) मेलेला असतो. लाकूड कामाचं असतं, पण ही बुरशी पसरवणारे भुंगे सालीखाली वाढतात, त्यामुळे सालीसकट ओंडके दुसरीकडे नेऊ नका, प्लीज. साल तिथेच काढून नष्ट करा. रस्त्याकडेच्या झाडात अनेकदा खिळे असतात, टोकाला निळा-काळा डाग दिसला की मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय आरा मिलवर चढवू नका.

आता मुख्य गोष्ट, जिने मला रडवलंय. एल्म कापताना फळी एकदम सरळ निघते आणि आपण खूश होतो, पण खरा खेळ सुकताना सुरू होतो. अमेरिकन एल्म पूर्ण सुकेपर्यंत कड्यांच्या दिशेने साधारण साडेनऊ टक्के आकसतो आणि गाभ्यापासून बाहेरच्या दिशेने फक्त चार-सव्वाचार टक्के, त्यात ग्रेन (लाकडाचे तंतू) एकमेकांत अडकलेली, म्हणजे फळीला बाकही येतो आणि पीळही. पीळ एकदा बसला की बसला, रंधून सरळ करायला गेलात तर निम्मी जाडी भुशात जाते. म्हणून २५ मिमी हवी असेल तर ३२ कापा, ओंडक्याचा अगदी मधला गाभा (पिथ) फळीत ठेवू नका, टोकांना त्याच दिवशी मेणाचं सीलर लावा. मग फळ्या एकावर एक रचून सुकवायची थप्पी लावा: पाया लेव्हलमध्ये, हवा खेळावी म्हणून फळ्यांच्या मधे ठेवायच्या पट्ट्या सगळ्या एकाच जाडीच्या, ३०-४० सेंमीवर आणि वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत. एक पट्टी दोन बोटं सरकली तरी फळी तिथे वाकते, खरंच वाकते. वर सिमेंटचे ब्लॉक ठेवा, तुम्हाला पुरे वाटतील त्याच्या दुप्पट, आणि थप्पी सावलीत, वारा खेळता हवा पण ऊन नको.

सुकायला "जाडीच्या इंचाला एक वर्ष" हा नुसता अंदाज आहे, लाकडातला ओलावा मोजणारा मॉइश्चर मीटर घ्या. सुकवण्याचे शॉर्टकट सांगणाऱ्यांवर माझा अजिबात विश्वास नाही. शिकायचंच असेल तर ज्याच्या शेडमध्ये जुनी थप्पी उभी आहे त्याच्याकडे जा, ओकवर हात बसलेला माणूस एल्मबद्दल बिनधास्त चुकीचं सांगू शकतो.

आणि घाबरू नका, थप्पी नीट लागली की पुढचं काम जमण्यासारखं आहे. ओल्या एल्मचा वास घाण असतो, सुकल्यावर जातो. रंधा मारताना ग्रेन उपटते, एका पट्ट्यात गुळगुळीत आणि शेजारच्यात खड्डे, कारण ग्रेनची दिशाच उलटते. ५०-५५ अंशाचं पातं, नुकती लावलेली धार, कागदासारखा पातळ काप, आणि तरी उपटलं तर कार्ड स्क्रेपर (खरवडायची पातळ पोलादी पट्टी). हीच अडकलेली ग्रेन सहज फाटत नाही म्हणून विंडसर खुर्चीची (जिचे पाय थेट लाकडी बैठकीत बसवतात) बैठक पूर्वी एल्मची करायचे, पायांसाठी कडेजवळ भोकं पाडली तरी ती टिकते. पहिलं काम म्हणून स्टूलची बैठकच घ्या. टेबलटॉप नंतर, आणि तेव्हा तो फ्रेमला चिकटवून टाकू नका, स्क्रूची भोकं लांबट ठेवा, एल्म सुकल्यावरही हवेबरोबर हलतो.