रेकॉर्डिंग हुकतंय? आधी संगणकाची झोप तपासा
संगणकावर टीव्ही रेकॉर्ड करायचं म्हटलं की पहिली चौकशी प्रोसेसरची होते. उगाच. टीव्हीहेडएंड किंवा मिथटीव्ही ही रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर डिजिटल प्रक्षेपण सहसा जसं येतं तसंच फाइलमध्ये उतरवतात, नव्याने एन्कोड करत नाहीत. त्यामुळे जुनं मशीनही पुरतं. जागा मात्र भरपूर लागते. वाहिनीचा वेग सेकंदाला किती मेगाबिट, त्याला ०.४५ ने गुणा: तासाला लागणारे गीगाबाइट मिळतात. ८ मेगाबिट असतील तर ३.६ जीबी.

माझी बहुतेक रेकॉर्डिंग हुकली ती संगणक झोपी गेल्यामुळे. विंडोजमध्ये पॉवर सेटिंगमधले वेक टायमर, म्हणजे ठरल्या वेळी मशीन जागं करणारी सोय, चालू ठेवा. लिनक्सवर हेच काम आरटीसीवेक (rtcwake) ही कमांड करते. ही झोपमोड एकदा स्वतः तपासून पाहा: दहा मिनिटांनंतरचं रेकॉर्डिंग लावा, मशीन झोपवा आणि वाट बघा.

कार्यक्रम वेळापत्रक पाळत नाहीत, म्हणून सुरुवातीला २ आणि शेवटी १० मिनिटं जास्तीची धरा. पण लागोपाठचे दोन कार्यक्रम वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर असतील, तर या जादा मिनिटांत एकच ट्यूनर (प्रक्षेपण पकडणारं उपकरण) दोघांना पुरणार नाही. वाहिन्या एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील तर टीव्हीहेडएंड दोन्ही एकाच ट्यूनरवरून घेतं.