दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅमचं अपडेट दुरून टाकताय? या चुका टाळा

21 सप्टेंबर 2025. रविवार, सर्वपित्री अमावास्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर. पॅकबंद शेव-नमकीन 12 टक्क्यांवरून 5 वर, तूपही, बदामही. इंदूरच्या सियागंज बाजारापासून धार-देवासपर्यंत प्रत्येक दुकानदाराला सकाळी शटर उघडायच्या आत बिलात नवा दर हवा होता. मी लोकमान्य नगरात घरी बसून एनीडेस्कवरून, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायच्या सॉफ्टवेअरवरून, एकेकाचा कॉम्प्युटर उघडत होतो. खाली लिहिलेल्या चुका त्या रात्रीच्या आहेत, काही त्याआधीच्या. बहुतेक माझ्याच.

"सगळीकडे बंद केलंय" यावर विसंबणं

अपडेटआधी सगळ्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बंद हवा. फोनवर दुकानदार काका म्हणतात, "हो रे बाबा, सगळ्यांनी बंद केलं." खाली तीन काउंटर बंद असतात, खरं आहे. पण वर गोदामात मुनीमजींनी प्रोग्रॅम बंद न करता नुसता खाली दाबून ठेवलेला असतो. डेटा ॲक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टचा छोटा डेटाबेस) असेल तर मूळ फाइलच्या शेजारी एलएसीसीडीबी एक्स्टेन्शनची छोटी कुलुपाची फाइल दिसते का ते बघा. ती असली की बहुधा कुणीतरी आत आहे. एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचाच मोठा डेटाबेस) असेल तर एसपी_हू2 ही आज्ञा चालवा, कोणत्या मशीनवरून कोण जोडलंय ते नावासकट दिसतं.

आणि एकच काउंटर अपडेट करायचा विसरलात तर? जुना प्रोग्रॅम नव्या टेबलांत लिहायला जातो आणि कधी अडतो, कधी अर्धवट लिहितो. अर्धवट लिहिणं जास्त वाईट, कारण ते महिनाअखेर कळतं. डेटाबेसमध्येच एका ओळीत आवृत्तीचा आकडा ठेवा. प्रोग्रॅम सुरू होताना तो आकडा जुळला नाही तर उघडूच नये.

बॅकअप घेतला, पण कुठे?

एसक्यूएल सर्व्हरला "डी ड्राइव्हवर बॅकअप घे" म्हटलं की तो ज्या मशीनवर सर्व्हर चालतो तिथल्या डीवर घेतो, तुम्ही ज्या काउंटरच्या पडद्यावर बसलात त्याच्या नाही. मी एकदा काउंटरचा डी धुंडाळत अर्धा तास घालवला आणि वर ग्राहकालाच विचारलं, "तुम्ही फाइल डिलीट केली का?" डेस्कटॉपवर घ्यायला गेलात तर बहुतेक वेळा एरर 5, ॲक्सेस डिनाइड. सर्व्हरच्या सर्व्हिसला त्या फोल्डरची परवानगी नसते. सर्व्हरवर एक साधा वेगळा फोल्डर करून ठेवावा, तिथेच घ्यावा, आणि मग त्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा आपल्याकडे आणावी.

आणलेली फाइल उघडून बघा. दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून शेवटचं बिल दिसतंय का ते पाहिल्याशिवाय मी आता पुढे सरकत नाही. नव्या आवृत्तीच्या सर्व्हरचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर रिस्टोअर होत नाही, हेही आधीच कळलेलं बरं. ग्राहकाकडे 2019 आणि आपल्याकडे 2014 असेल तर तो बॅकअप आपल्या घरी बिनकामाचा.

एका ओळीत सगळे दर बदलणं

ही सगळ्यात मोहात पाडणारी चूक. "जिथे 12 आहे तिथे 5 कर", एंटर, झालं. नमकीनवाल्याकडे कदाचित चालूनही जाईल. पण जनरल स्टोअरमध्ये शाळेच्या वह्या 12 वरून शून्यावर आल्या आणि अडीच हजारांवरचे तयार कपडे 12 वरून 18 वर गेले. म्हणून दर एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा क्रमांक, बघूनच बदलायचे, आणि ती यादी ग्राहकाच्या सीएकडून लेखी मागवायची. आपण कर सल्लागार नाही.

त्याहून खोल खड्डा पुढे आहे. बऱ्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये कराचा दर फक्त मालाच्या यादीत असतो, बिलाच्या ओळीत नसतो. यादीत 12 चे 5 केले की ऑगस्टचं बिल पुन्हा छापताना त्यावरही 5 येतो. ऑगस्टमध्ये विकलेला तुपाचा डबा ऑक्टोबरमध्ये परत आला तर क्रेडिट नोट जुन्या दरानेच निघायला हवी. असा प्रोग्रॅम असेल तर आधी बिलाच्या ओळींमध्ये दराचा रकाना घाला, त्यात जुने दर उतरवा, मगच यादीला हात लावा. क्रम उलटा झाला तर जुना दर फक्त बॅकअपमध्ये उरतो.

बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे पक्का करेपर्यंत तो मागे घेता येतो. किती ओळी बदलल्या तो आकडा बघा, जुळला तरच कमिट, म्हणजे पक्का. पण ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून उठू नका. एका दुपारी मी आकडा ताळून बघता बघता चहाला गेलो. पाच मिनिटांत मुनीमजींचा फोन: "भिया, बिल नी निकल रिया." टेबल माझ्या नावाने अडवलेलं, दुकानात रांग, आणि मी कपात पोहोचलेला.

अजून एक: स्क्रिप्टच्या सुरुवातीला डेटाबेसचं नाव लिहा. नाहीतर ती निमूटपणे मास्टरमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, चालते, नवी टेबलं तिथे जन्माला येतात, आणि आपण "एरर तर आली नाही" म्हणून खूश.

तारीख

कॉम्प्युटर भारतीय तारखेवर बसवलेला असला तरी गोंधळ होतो. ॲक्सेसच्या क्वेरीत हॅशच्या खुणांमध्ये 05/04/2025 लिहिलं की तो महिना आधी धरतो, म्हणजे 4 मे. 25/04/2025 लिहिलं की निमूट 25 एप्रिल धरतो. म्हणून महिन्याच्या 12 तारखेनंतर चाचणी केली तर सगळं ठीक दिसतं. एसक्यूएल सर्व्हरला 20250922 अशी सलग आठ आकड्यांत द्या, गोंधळ होत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

"एसीई ओएलईडीबी प्रोव्हायडर रजिस्टर्ड नाही" असं आलं तर इंजिन (ॲक्सेसची फाइल वाचणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) आणि प्रोग्रॅम यांच्यातला 32-64 बिटचा मेळ तपासा. इंजिन बसवलेलं असूनही हाच संदेश येतो. एनीडेस्क इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं असेल तर विंडोज परवानगी विचारते तेव्हा आपल्याला काही करता येत नाही, म्हणून पलीकडे माणूस जागा हवा. कॉम्प्युटरची झोप बंद करा, यूपीएस चालू आहे का विचारा. अँटिव्हायरसने नवी ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, उचलून नेली का तेही बघा.

बिल काढून न बघता निघणं

मी आता काकांकडून तीन कागद मागतो: एक जुनं बिल परत छापलेलं, एक नवं, एक माल परतीचं. तिन्हींचे फोटो व्हॉट्सॲपवर आले की मग एनीडेस्क बंद. चाचणीचं नवं बिल डिलीट करू नका, रद्द करा. जीएसटीत बिलांचे क्रमांक सलग लागतात, आणि मधला एक गायब दिसला की सीएचा फोन दुकानदाराला नाही, आपल्याला येतो.