परदेशात भाषांतर यंत्र कसं वापरावं

टूरबरोबर जपानला किंवा व्हिएतनामला निघालेल्या आईबाबांना हल्ली मुलं भाषांतर यंत्र घेऊन देतात. पॉकेटॉक, व्हॅस्को अशी ही तळहातात मावणारी यंत्रं. आपण मराठीत बोलायचं, समोरच्याला त्याच्या भाषेत ऐकू येतं. मात्र सहारला विमान पकडण्याच्या आदल्या रात्री खोकं उघडलं तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. निदान पंधरा दिवस आधी ते हातात यायला हवं.

घेताना पहिली गोष्ट, भाषा. यादीत मराठी दिसली म्हणून लगेच पैसे देऊ नका. काही यंत्रांत एखादी भाषा नुसती अक्षरांत उमटते, आवाजात येत नाही. लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर मॉलमध्ये, दुकानदार इंग्रजीतूनच नमुना दाखवेल. तुम्ही मराठी ते जपानी लावायला सांगा आणि उलट उत्तरही मराठीत ऐका. हिंदीवर काम भागतं, पण पोटात नेमकं कुठे दुखतंय हे आईला आपल्या भाषेतच सांगता यावं, असं मला मनापासून वाटतं.

स्मार्टफोन सराईतपणे वापरणाऱ्याला वेगळं यंत्र लागतच नाही, गूगल ट्रान्सलेट पुरतं. चीनला जाणार असाल तर मात्र आधी पर्याय बघून ठेवा, तिथल्या नेटवर गूगलच्या सेवा बंद असतात.

दुसरी गोष्ट, इंटरनेट. बहुतेक यंत्रं तुमचा आवाज दूरच्या सर्व्हरवर पाठवतात आणि भाषांतर तिथे होतं. त्यामुळे आत सिम आहे का, ते तुम्ही जाणार त्या देशात चालतं का, डेटाची मुदत कधी संपते, हे विचारून घ्या. सिम नसेल तर फोनचा हॉटस्पॉट जोडायला घरीच शिका. ऑफलाइन भाषा मिळत असतील तर त्या घरच्या वायफायवर उतरवून ठेवा.

आता बटण. सगळी गफलत इथेच होते. बटण दाबा, आवाज किंवा दिवा येईपर्यंत थांबा, वाक्य बोला, संपल्यावर क्षणभर थांबून मग बोट उचला. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘मला शेंगदाणे चालत नाहीत’ म्हणताना बोट अर्धा सेकंद आधी सुटलं, तर ‘नाहीत’ गळून पडतं आणि ॲलर्जी असलेल्या माणसासमोर शेंगदाणे येतात. म्हणून यंत्राने काय ऐकलं ते पडद्यावर मराठीत उमटतं, ती ओळ प्रत्येक वेळी वाचा. चुकली असेल तर समोरच्याला ऐकवण्याआधी पुन्हा बोला. वाक्य छोटं ठेवा, एका वेळी एकच प्रश्न विचारा. ‘परवा’ म्हणण्याऐवजी तारीख सांगा.

सराव शांत खोलीत नको. संध्याकाळी दादर स्टेशनबाहेर उभं राहून करा, म्हणजे यंत्र तोंडापासून किती जवळ धरायचं ते कळेल.

जेवणाच्या बाबतीत नुसतं ‘मी शाकाहारी आहे’ पुरत नाही. भाषांतर बरोबर होतं, तरी ताटात मासा येतो. जपानमध्ये सूप आणि सॉसचा आधार असलेला दाशी बहुतेकदा सुकवलेल्या बोनिटो माशापासून करतात. व्हिएतनाम आणि थायलंडमध्ये भाजीतही फिश सॉस पडतो. म्हणून पदार्थाचं नाव घेऊन विचारा: ‘यात मासा आहे का? माशाचा सॉस आहे का? मांसाचं पाणी आहे का?’ ही वाक्यं यंत्रात साठवता येत असतील तर घरूनच साठवा, नाहीतर भाषांतराच्या पडद्याचा फोटो फोनमध्ये काढून ठेवा. हॉटेलचा पत्ता त्या देशाच्या लिपीत छापून पाकिटात असू द्या, कारण विशेषनामं यंत्राला हमखास चुकीची ऐकू येतात.

दवाखान्यात यंत्रावर सगळा भार टाकू नका. औषधांची नावं आणि मात्रा इंग्रजीत लिहिलेला कागद जवळ हवाच, आणि कशावर सही करायची असेल तर माणूस दुभाषी मागा. ॲम्ब्युलन्ससाठी जपानमध्ये 119 आणि व्हिएतनाममध्ये 115 लावतात. हे आकडे यंत्राच्या मागे चिकटवून द्या.

यंत्र आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. जपानमधल्या सॉकेटला दोन चपट्या पिना लागतात, आपला गोल पिनांचा प्लग बसत नाही, तेव्हा अडॅप्टर इथूनच घ्या.