बाळ झोपवणं सोपं, खाली ठेवणं अवघड

बाळ झोपत नाही म्हणून हैराण झालेल्या बहुतेक घरांत बाळ उत्तम झोपत असतं. मांडीवर झोपतं, खांद्यावर झोपतं, झोळीत तर बघायलाच नको. गादीवर टेकवलं की मात्र पाच मिनिटांत डोळे टक्क उघडे. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. पालथं घाला, उशी द्या, झोळी बांधा, नाहीतर रात्रभर आईच्या छातीवरच राहू दे. खाली ठेवणं जमत नाही म्हणून शोधलेल्या या पळवाटा आहेत आणि धोका नेमका त्यांच्यातच आहे. आमच्या एकत्र कुटुंबात गेली कित्येक वर्षं बाळ कोणाचंही असो, पेंगायला लागलं की "आत्याकडे द्या, ती ठेवील" असं ठरलेलं आहे. म्हणून ठेवण्याबद्दलच जास्त लिहिते.

आधी जागा

सपाट, कडक आणि रिकामी. तळहाताने दाबून सोडल्यावर खळगा राहिला तर ती गादी बाळाची नव्हे. नव्याने पिंजलेल्या कापसाची गुबगुबीत गादी पाहुण्यांना द्या. बाळाला जुनी, बसलेली बरी. तीही नसेल तर सतरंजीवर घडी घातलेली गोधडी आणि वर ताणून, कडा खाली खोचलेली चादर. त्यावर फक्त बाळ. लोड, मऊ खेळणी, शेजारी गुंडाळून ठेवलेली दुपटी, सगळं बाजूला. लाकडी पाळणा असेल तर गजांमधली फट ६ सेंटीमीटरच्या वर नको आणि वरचं चिमणाळं बाळाच्या हाताला लागेल इतकं खाली नको.

मोहरीच्या उशीवरून दर बाळंतपणात वाद होतो. वर्षाच्या आत कुठलीच उशी नको, मोहरीचीही नको. डोकं एका बाजूने चपटं होईल अशी भीती असेल तर एक दिवस तोंड उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे करा, आणि बाळ जागं असताना समोर बसून दिवसातून दोन-तीनदा पालथं घाला. मानेतही ताकद येते.

झोपताना मात्र उताणं. पहिलं वर्षभर, रात्री आणि दिवसाही. "उताणं झोपलं की उलटी घशात जाते" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर तयार असतं. उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथ्या बाळात हे उलटं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथं झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून त्याची देशभर मोहीम झाली आणि दहा वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. हा धोका पहिल्या ते चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो. बाळ आपणहून दोन्हीकडे वळायला लागलं की ठेवताना उताणं ठेवायचं. पुढे झोपेत वळलं तर रात्रभर सरळ करत बसायची गरज नाही.

बाळ आईच्या खोलीत, हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या अंथरुणावर झोपलेलं सगळ्यात चांगलं. निदान सहा महिने. एका खोलीच्या घरात शेजारी झोपावं लागत असेल तर गादी जमिनीवर हवी. बाळ आईच्या बाजूला, आईबाबांच्या मध्ये नको, भिंतीच्या फटीकडेही नको, आणि आईचं पांघरूण त्याच्यावर नको. दारू प्यायलेलं, सिगारेट-विडी ओढणारं किंवा झोपेची गोळी घेतलेलं कोणी अंथरुणात असेल तर बाळ त्या अंथरुणात नसावं. बाळ महिने भरायच्या आधी जन्मलेलं किंवा अडीच किलोच्या आतलं असेल तर तेव्हाही नाही. सोफ्यावर बाळाला छातीशी घेऊन डुलकी लागणं हे या सगळ्याहून वाईट. दमलेल्या बाबांनी हे दोनदा वाचावं.

कपडे

तुमच्या अंगावर जेवढं आहे त्याहून एक थर जास्त. टोपडं झोपताना काढा, कारण बाळाच्या अंगातली उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. हातपाय गार लागले म्हणून स्वेटर चढवू नका. मानेमागे हात लावून बघा, तिथे घाम असेल तर एक कपडा कमीच करायचा आहे. पंखा चालतो. धुरी आणि डासांची कॉइल चालत नाही, मच्छरदाणी लावा. गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपवताना काढून ठेवा. आजी रागावतील, रागावू द्या.

आता खाली ठेवणं

हे मला जमायला पहिलं बाळ मोठं व्हावं लागलं, कारण ते का उठतं हेच कोणी सांगितलं नव्हतं.

पहिलं कारण घाई. तान्ह्या बाळाची झोप हलक्या झोपेने सुरू होते. डोळे मिटलेले, पण पापण्यांखाली बुबुळं फिरत असतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, मध्येच हसू फुटतं. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवतेय. माझा नियम असा की सटवाई हसवतेय तोवर बाळ खाली ठेवायचं नाही. साधारण पंधरा-वीस मिनिटांनी श्वास संथ होतो, मूठ सैल सुटते. तेव्हा त्याचं मनगट दोन बोटांनी जरासं उचलून सोडा. हात ओल्या फडक्यासारखा जड पडला तर झोप गाढ आहे. कोपर ताठ राहिलं तर अजून पाच मिनिटं बसा. तीन-साडेतीन महिन्यांनंतर ही वाट बघणं आपोआप कमी होतं.

दुसरं कारण दचकणं. पहिले चार-सहा महिने बाळाला जरा पडल्यासारखं वाटलं की दोन्ही हात फाकवून ते दचकतं. आणि आपण नेमकं तसंच ठेवतो: डोकं कोपरात असतं, म्हणून कमरेतून वाकून आधी डोकंच टेकवतो. बाळाच्या दृष्टीने तो कड्यावरून खाली जाण्याचाच प्रकार.

उलट करा. बाळाला छातीला घट्ट लावा आणि स्वतः खाली जा. गादी जमिनीवर असेल तर एक गुडघा टेका, मग दुसरा, मग छातीसकट वाका, बाळ अंगापासून न सोडता. तुमची छाती जवळजवळ गादीला लागली की आधी बाळाचे पाय टेकवा, मग कुल्ले, मग पाठ, मग खांदे. डोकं सगळ्यात शेवटी. मानेखालचा हात लगेच ओढू नका; आधी सैल करा, मग सरकवत काढा.

आणि इथेच निम्म्या आया उठून जातात. थांबा. बाळाचे दोन्ही हात त्याच्या छातीवर गोळा करा, वर आपला तळवा हलकाच ठेवा. दाबायचं नाही, नुसता स्पर्श राहू द्यायचा. काही गुणगुणत असाल तर तेच सुरू ठेवा, आवाज हळूहळू उतरवा. अंगाई मध्येच तोडलीत तर शांततेनेच बाळ उठेल. मिनिट-दोन मिनिटांनी एकेक बोट उचला. तळवा पटकन काढलात तर केलेलं सगळं पाण्यात.

बारीक गोष्टी, पण याच घात करतात. बांगड्या आधी काढा किंवा कोपराकडे सरकवा. पदर, ओढणी खोचून घ्या. बाळाखाली अडकलेला पदर ओढून काढताना मी भलीभली झोपलेली बाळं उठताना पाहिली आहेत. थंडीत गार चादरीवर बाळ उठतंच, म्हणून आधी दहा मिनिटं तिथे दुसऱ्या कोणालातरी आडवं करा. गरम पाण्याची पिशवी मी ठेवत नाही, ती काढायची राहून जाते.

दुपट्यात गुंडाळण्याने दचकणं खूप कमी होतं. छातीशी दोन बोटं जातील इतपत सैल, आणि पाय बेडकासारखे मुडपता आले पाहिजेत. सरळ करून आवळले तर खुब्याला त्रास होतो. बाळ कुशीवर वळायची खटपट करू लागलं की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

झोळीबद्दल माझं मत कडक आहे. झोळीत पाठ गोल होते, हनुवटी छातीवर येते आणि ज्याची मान अजून धरली नाही त्याचा श्वासमार्ग त्यानेच अरुंद होतो. "झोळीत तीन तास गाढ झोपतं" हे कौतुकाने सांगू नका. रडणं थांबवायला, कोणीतरी समोर बसलेलं असताना झोळी वापरायची तर वापरा, झोप लागली की बाहेर काढा. झोके एकदम थांबवू नका; लहान करत आणा, झोळी स्थिर झाल्यावर जरा थांबा, मग वर सांगितलं तसंच. प्रवास संपल्यावर कारमधली सीट आणि बाउन्सर (बाळाची डुलती खुर्ची) यांनाही हेच लागू.

खरा इलाज चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू होतो. बाळ पेंगुळलं आहे, पण पुरतं झोपलेलं नाही, अशा वेळी खाली ठेवून तळवा छातीवर. सुरुवात रात्रीच्या पहिल्या झोपेपासून करा; तेव्हा झोप सगळ्यात जास्त दाटलेली असते. बहुतेकजण दुपारपासून सुरू करतात आणि चार दिवसांत नाद सोडतात.

मध्येच कुरकुर झाली तर

लगेच उचलू नका. तान्ह्याच्या झोपेचं एक आवर्तन साधारण पन्नास मिनिटांचं, आणि मधल्या हलक्या झोपेत ते कण्हतं, आळोखेपिळोखे देतं, एखादी हाकही मारतं. मिनिटभर बघा. खरंच रडू लागलं तर उचला, पाजा. दोन महिन्यांच्या बाळाला "उचलायची सवय लागेल" हा सल्ला निव्वळ खुळचटपणा आहे. रात्री मंद दिवा, गप्पा नाहीत. सकाळी उजेडात न्या.

काही पाजून झोपवू नका

मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया शंभर वर्षांपूर्वी अफूची बाळगोळी देऊन पोरं झोपवायच्या. त्यांना पाळणाघर नव्हतं. आज कोणी उगाळलेलं जायफळ देतं, कोणी सर्दीचं औषध. दोन्ही नको. सर्दीच्या ज्या औषधात क्लोरफेनिरामीन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असतं, ते चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायला आपल्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे. वर्षाच्या आत मधाचं बोटही नको.

वर्षानंतर

इथून सोपं आहे. रोज तीच वेळ आणि तोच क्रम, दुपारची झोप चारच्या आत संपलेली, झोपण्याआधी तासभर मोबाइल बंद, तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपवणं बंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दुपारची झोप धरून एक-दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप हवी. तेवढी होत असूनही पोर दिवसभर पेंगत असेल, रोज घोरत असेल किंवा झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तोंडी सांगितलेल्या घोरण्यापेक्षा ऐकवलेलं घोरणं त्यांना जास्त उपयोगी पडतं.