शाळेच्या आणि वाचनालयाच्या इंटरनेटसाठी सरकारी पैसे : कुठून आणि कसे मिळवायचे

पहिल्या वर्षाचं पॅकेज कुणी ना कुणी भरतं. कधी माजी विद्यार्थी, कधी एखादी कंपनी, कधी सरपंच स्वतःच्या खिशातून. तेराव्या महिन्याचं बिल आलं की ते कुठल्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या कुठल्या मंजूर सदराखाली, टाकायचं याची शोधाशोध सुरू होते. हेड सापडत नाही आणि कनेक्शन बंद पडतं. एकदाच्या खर्चाला सरकारी योजना बऱ्याच आहेत, दरमहाच्या बिलाला मोजक्याच. म्हणून जिल्हा परिषदेची शाळा असो, अनुदानित शाळा असो की शासनमान्य वाचनालय, आधी बिलाचं हेड पक्कं करा आणि जोडणीचा अर्ज त्यानंतर द्या.

आधी आकडा मांडा

महिना ५०० रुपयांचा फायबर प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५९० रुपयांना पडतो, म्हणजे वर्षाला ७,०८०. राउटर, वर्गापर्यंतची केबल आणि बॅकअप हा एकदाचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा. दोन्ही खर्च एकाच रकमेत मिसळले की मंजुरी देणाऱ्यालाही कळत नाही आणि पुढच्या वर्षी तुम्हालाही नाही.

वेग किती हवा? एका स्मार्ट टीव्हीवरच्या एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात. ३० टॅब एकाच वेळी चालणार असतील तर प्रत्येकी दीड-दोन धरून ५० ते ६० एमबीपीएसचा प्लॅन घ्या. प्लॅनमधली डेटामर्यादा जरूर वाचा. ती ओलांडली की वेग इतका खाली येतो की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात व्हिडिओ चालत नाहीत आणि तक्रार मात्र लाइनमनकडे जाते.

शाळेसाठी : कोणत्या हेडमधून

*संयुक्त शाळा अनुदान.* समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेच्या २०२१-२६ च्या निकषांनुसार सरकारी शाळांना पटावर हे मिळतं : ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यावर एक लाख. याच्या मार्गदर्शक सूचनांत वीजबिलासोबत इंटरनेटचाही उल्लेख आहे, त्यामुळे ‘हा खर्च यात बसत नाही’ असं कुणी म्हटलं तर सूचनांचं ते पान दाखवा. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्चायची असते. आता गणित करा : २२ पटाच्या वस्तीशाळेला १०,००० मिळाले, हजार स्वच्छतेला गेले, ७,०८० इंटरनेटला. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती सगळं मिळून १,९२० रुपयांत भागवायचं. ते होत नाही. ३० पर्यंत पटाच्या शाळेने बिलाचा भार या अनुदानावर टाकूच नये. ५० पटाच्या पुढे मात्र हेच सगळ्यात सोपं हेड आहे.

पैसे हप्त्यांत येतात, कधी थेट मार्चच्या तोंडावर. म्हणून शक्य असेल तिथे वार्षिक प्लॅन घ्या आणि रक्कम हातात असताना एकदम भरा. ज्या कंपनीला पैसे द्यायचे तिची विक्रेता म्हणून पीएफएमएसवर (सरकारी पैसे देण्याच्या पोर्टलवर) नोंद आधीच करून ठेवा. २८ मार्चला नोंद करायला बसलात तर बँक तपशिलाच्या पडताळणीत ३१ तारीख निघून जाते आणि न खर्चलेली मंजूर रक्कम परत जाते.

*आयसीटी (संगणक लॅब) आणि स्मार्ट क्लास.* हेही समग्र शिक्षातूनच, सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी. आयसीटी लॅबला ६.४० लाखांपर्यंत अनावर्ती (एकदाचे) आणि वर्षाला २.४० लाखांपर्यंत आवर्ती (दरवर्षीचे), तेही पाच वर्षं. स्मार्ट क्लासरूमला २.४० लाख अनावर्ती आणि ३८,००० आवर्ती. ही कमाल मर्यादा आहे, मंजुरी जिल्ह्याच्या आराखड्याप्रमाणे मिळते. लॅब असलेल्या शाळेने इंटरनेटचं बिल आवर्तीतून द्यावं आणि पाच वर्षांनी हे पैसे थांबतील ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहावी. पहिली ते चौथीच्या शाळा यात बसत नाहीत. त्यांच्या नावाने अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

*ग्रामपंचायत.* छोट्या शाळेसाठी हाच खरा आधार. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतीकडच्या २९ विषयांत १७ वा प्राथमिक व माध्यमिक शाळांसह शिक्षणाचा आणि २० वा ग्रंथालयांचा आहे. ठरावात हे दोन क्रमांक लिहा, हरकत घेणारा बराच शांत होतो. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित (पाणी आणि स्वच्छता) आणि ४० टक्के अबंधित (पंचायतीच्या गरजेप्रमाणे) अशी वाटणी होती. त्या आयोगाचा कालावधी २०२५-२६ पर्यंतचा आणि १६ व्याचा २०२६-२७ पासूनचा, तेव्हा चालू वर्षाची वाटणी ग्रामसेवकांकडून पाहून घ्या. दरमहाचं बिल वित्त आयोगातून काढायला लेखापरीक्षणाच्या भीतीने बरेच ग्रामसेवक नकार देतात. अशा वेळी भांडत बसू नका. राउटर-केबलसारखं साहित्य अबंधित निधीतून घ्या आणि बिल ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टीच्या उत्पन्नातून मागा. वर्षाचे सात हजार ही पंचायतीसाठी फार मोठी रक्कम नसते.

ग्रामपंचायतीचा विकास आराखडा बनवण्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. आराखडा पंचायतींच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर एकदा चढला की नवं काम घुसवायला पुरवणी आराखडा लागतो. म्हणून शाळेचं पत्र सप्टेंबरमध्येच द्या.

भारतनेट : गावात फायबर आहे, शाळेत नाही

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणारी, ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजना २०१५ पासून भारतनेट नावाने चालते. सुधारित कार्यक्रमाला ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींची मंजुरी मिळाली. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ग्रामीण भागातल्या सर्व सरकारी माध्यमिक शाळांना भारतनेटमधून ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली. प्राथमिक शाळा त्या घोषणेत नाहीत, हे लक्षात ठेवा.

अडचण शेवटच्या टप्प्यात येते. फायबर ग्रामपंचायतीच्या खोलीत संपतं. खोलीला कुलूप, आत वीज नाही, बॅटरी मेलेली, किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल उचकटलेली. म्हणून अर्ज करण्याआधी ग्रामसेवकांबरोबर जाऊन फायबर ज्याला जोडलंय त्या यंत्राचे दिवे बघून या. पॉवरचा हिरवा आणि पॉनचा (फायबर सिग्नलचा) हिरवा स्थिर असेल तर लाइन जिवंत आहे. ‘लॉस’चा लाल दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही, फायबर कुठेतरी तुटलंय. अशा गावात आधी तक्रार, मग अर्ज. पंचायतीपासून शाळेपर्यंतची जोडणी बहुधा गावातला केबलवाला किंवा भारतनेट उद्यमी (भारतनेटची जोडणी देणारा स्थानिक व्यावसायिक) करतो. ‘केबल किती मीटर टाकणार, खांब कुणाचे, तुटली तर किती दिवसांत जोडणार’ हे त्याच्याकडून कोटेशनवरच लिहून घ्या.

कागदपत्रं, याच क्रमाने

यूडायसमधला (शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदणीतला) इंटरनेटचा रकाना सगळ्यात आधी. गुरुजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो म्हणून ‘इंटरनेट आहे’ असं भरलं गेलं की कागदावर शाळेची गरज संपते. समग्र शिक्षाचं नियोजन यूडायस क्रमांकावर चालतं, त्यामुळे चुकीचं ‘होय’ महागात पडतं. शाळेच्या मालकीचं कनेक्शन नसेल तर ‘नाही’च भरा.

मग शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे समिती शाळा विकास आराखडा करते आणि तोच अनुदानाचा आधार धरला जातो. ठराव मोघम नको : ‘इंटरनेटची सोय करावी’ असं लिहिलेल्या ठरावावर कुणी पैसे सोडत नाही. असा लिहा : ‘शाळेसाठी ६० एमबीपीएस फायबर जोडणी, वार्षिक खर्च ७,०८० रुपये संयुक्त शाळा अनुदानातून, राउटर व केबल ग्रामपंचायतीकडून.’ खाली अध्यक्ष आणि सचिवांच्या सह्या. त्यानंतर तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना केंद्रप्रमुखांमार्फत पत्र.

कनेक्शन ‘मुख्याध्यापक, जि. प. प्राथमिक शाळा’ अशा पदनामावर घ्या आणि मोबाइल क्रमांक शक्यतो शाळेचा द्या. व्यक्तीच्या आधारवर घेतलेलं कनेक्शन बदली झाली की अडकतं : ओटीपी जुन्या गुरुजींच्या फोनवर जातो आणि ते दुसऱ्या तालुक्यात असतात. राउटरची साठा नोंदवहीत नोंद करा, बिलावर नोंदीचं पान लिहा. उपयोगिता प्रमाणपत्राच्या, म्हणजे पैसे कुठे खर्चले याच्या दाखल्याच्या, वेळी तेच बघतात.

बसवताना

लाइनमन आला की पॉवर मीटर (फायबरमधल्या प्रकाशाची ताकद डीबीएममध्ये मोजणारं यंत्र) लावायला सांगा. यंत्राशी -८ ते -२५ डीबीएममधलं वाचन चांगलं. -२७ च्या खाली गेलं तर लाइन पावसाळ्यात पडणारच. बऱ्याचदा दोष खिडकीशी असतो, जिथे केबल काटकोनात मोडून खिळ्याने ठोकलेली असते. तिथे मोठा वळसा देऊन पुन्हा बसवली की वाचन सुधारतं. दुसऱ्या इमारतीत न्यायचं असेल तर तांब्याची केबल उघड्यावर टाकू नका, वीज कडाडली की दोन्ही टोकांची यंत्रं जातात. तिथे फायबरच हवं. इमारतीच्या आत कॅट-६ या तांब्याच्या नेटवर्क केबलचा एक तुकडा १०० मीटरपेक्षा लांब नसावा.

लोडशेडिंगसाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. मात्र अडॅप्टरवर ९ व्होल्ट की १२ व्होल्ट ते वाचून घ्या, पिन सारखी दिसते आणि चुकीच्या व्होल्टेजने राउटर जळतो. मुलांसाठी राउटरच्या डीएनएस (साइटचे पत्ते शोधण्याच्या) सेटिंगमध्ये १.१.१.३ आणि १.०.०.३ टाका, अश्लील साइट बऱ्याच अंशी अडतात. हे पक्कं कुलूप नाही. राउटरचा मूळ पासवर्ड बदलला नाही तर सातवीतली मुलं दोन दिवसांत सेटिंग पूर्ववत करतात.

वाचनालयासाठी

महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे परिरक्षण (वाचनालय चालवण्याचं) अनुदान मिळतं. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली. अनुदानाचा वेतनेतर (पगार सोडून उरलेला) भाग हेच बिलाचं हेड. ते दोन हप्त्यांत येतं, त्यामुळे सहामाही प्लॅन बरा पडतो. वार्षिक अहवालात आणि लेखापरीक्षणात इंटरनेटचा खर्च ‘किरकोळ’मध्ये न टाकता वेगळा दाखवा, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही.

संगणकासारखा एकदाचा खर्च कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या समान आणि असमान निधी योजनांतून मागता येतो. प्रस्ताव जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत ग्रंथालय संचालनालयाकडे जातो. समान निधीत राज्याचाही वाटा असल्याने वेळ लागतो, तोवर उधारीवर संगणक आणून ठेवू नका.

वाचकांना वायफाय द्यायचं असेल तर पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची केंद्र सरकारची योजना बघा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत पीडीओ (लोकांना वायफाय देणारं केंद्र) होण्यासाठी परवाना लागत नाही, एखाद्या पीडीओएशी (अशी केंद्रं एकत्र चालवणाऱ्या कंपनीशी) करार पुरतो. वाचकाची ओळख ओटीपीने होते, म्हणजे वही ठेवण्याचं काम वाचतं. पीडीओसाठी इंटरनेट सेवादाराने घ्यायचा दर २०० एमबीपीएसपर्यंत घरगुती फायबरच्या दुपटीहून जास्त नसावा, असं ट्राय या दूरसंचार नियामकाने जून २०२५ मध्ये ठरवून दिलं. कुणी महागडी लीज्ड लाइनच (फक्त तुमच्यासाठी राखीव लाइन) घ्या म्हणून आग्रह धरत असेल तर हा आदेश त्याच्यासमोर ठेवा आणि दुसरं कोटेशन मागवा.