आकाशगंगेच्या फोटोंसाठी निघताना: आधी ड्यू हीटर, मग बाकीचं

सगळ्यात आधी ड्यू हीटर. लेन्सच्या पुढच्या टोकाला गुंडाळायचा तो गरम होणारा पट्टा, यूएसबीवर चालतो तो. बाकीची बॅग भरायच्या आधी तो आत टाका आणि मगच पुढचं वाचा. मागच्या वेळी माझ्याकडे सगळं होतं, अमावस्या, स्वच्छ आकाश, वारा नाही, ट्रायपॉड भक्कम, फोकस पक्का, आणि मी टायमर लावून निवांत आडवा झालो. दोन तासांनी टॉर्च मारून बघतो तर पुढच्या काचेवर दवाचा थर. घरी येऊन फ्रेम्स उघडल्या तर पहिल्या चाळीसेक मिनिटांनंतरची एकही कामाची नाही, आधी ताऱ्यांभोवती पांढुरके गोळे आणि मग सगळं दुधात बुडवल्यासारखं. हे एडिटिंगमध्ये निघत नाही, मी तीन दिवस घालवून बघितलंय. आणि तशी अमावस्या, तसं आकाश, तशी सुट्टी परत एकत्र जुळायला किती महिने लागतात ते वाट बघणाऱ्यालाच माहीत.

आता तारखेचं. अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस धरा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे पौर्णिमेनंतर आठवड्याभराने रात्रीचा पहिला अर्धा भाग अंधाराचा मिळतो, पण तुम्हाला हवा तो आकाशगंगेचा भाग त्या वेळात वर असतो का ते आधी अ‍ॅपमध्ये बघा, नाहीतर अंधार आहे आणि फोटो काढायला काही नाही असं होतं. सूर्य मावळला म्हणजे अंधार झाला असं समजू नका, तो क्षितिजाच्या १८ अंश खाली गेला की खरा अंधार सुरू होतो, आणि जितकं विषुववृत्तापासून लांब जाल तितका हा वेळ लांबतो. आकाशगंगेचा तेजस्वी गाभा धनु राशीच्या दिशेला आहे. उत्तर गोलार्धात एप्रिल-मेमध्ये तो पहाटेकडे सापडतो, जून ते ऑगस्ट संध्याकाळनंतर लगेच, दक्षिणेच्या आकाशात. दक्षिण गोलार्धात हाच भाग जवळपास डोक्यावर येतो, त्यामुळे तिथल्या लोकांची चैन आहे, पण जमिनीवरचं झाड किंवा खडक त्याच फ्रेममध्ये बसवणं त्यांना अवघड जातं.

जागा अंधारी हवी हे सांगायला नको. बॉर्टल स्केल म्हणून १ ते ९ असं मोजमाप आहे, जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेलं, १ म्हणजे अगदी काळंकुट्ट आकाश आणि ९ म्हणजे शहराचा मध्य. ४ किंवा त्याखालची जागा शोधा. शहराचा उजेड ज्या बाजूला आहे त्या बाजूला तुमचा विषय नको, एवढं नकाशावर बघून घ्या. आणि जागा दिवसा उजेडी एकदा पायी फिरून बघा. रात्री पहिल्यांदा जाऊन खड्डे शोधू नका.

हवामानाच्या अंदाजात सगळे फक्त ढग बघतात. मीही तेच केलं. ढग नाहीत, झालं, निघालो. त्याच पानावर तापमानाच्या खाली दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा, लिहिलेला असतो तो बघा, प्लीज बघा. तापमान आणि दवबिंदू यातला फरक रात्री दोन-तीन अंशांवर येणार असेल तर दव पडणारच. आणि इथेच सगळी गोम आहे, फोटोसाठी जी रात्र सगळ्यात चांगली तीच दवासाठी सगळ्यात वाईट. ढग असले की ते पांघरुणासारखे जमिनीची उष्णता धरून ठेवतात. आकाश मोकळं असलं की लेन्सची काच आपली उष्णता सरळ वर फेकत राहते आणि आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते, म्हणून तुमचे हात कोरडे, कपडे कोरडे, आणि काच मात्र ओली. मला त्या रात्री दव जाणवलंच नव्हतं, म्हणूनच तर फसलो. वारा असेल तर धोका कमी. पाण्याच्या काठी, गवताळ माळावर किंवा खोलगट जागेत, जिथे थंड हवा येऊन साचते, तिथे धोका जास्त. शंभर पावलं वर चढून उभं राहिलात तरी फरक पडतो.

बॅग. कॅमेरा, लेन्स, कार्ड, हे काय सांगायचं. फक्त कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि एक जादा ठेवा. लेन्स रुंद आणि उजळ हवी, १४ ते २४ एमएम, एफ २.८ किंवा त्याहून उघडणारी (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सवर होतच नाही असं नाही, पण आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, बराच वर न्यावा लागतो. बॅटऱ्या किमान तीन, आणि त्या बॅगेत न ठेवता अंगाला लागून आतल्या खिशात, थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. ट्रायपॉडची प्लेट ट्रायपॉडवर आहे का ते हात लावून बघा, ती दुसऱ्या कॅमेऱ्याला चिकटून घरी राहते. लाल उजेडाचा हेडलॅम्प घ्या. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढरा टॉर्च एकदा लावला की सगळं पहिल्यापासून, आणि बरोबर दुसरे फोटोग्राफर असतील तर त्यांची फ्रेमही गेली. इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारा टायमर, कॅमेऱ्यात असेल तर वेगळा नको. चिकटपट्टी. मऊ कापड. मोठी झिपवाली प्लास्टिकची पिशवी, ती कशाला ते शेवटी सांगतो.

आणि ड्यू हीटर. टाकला का?

त्याच्यासाठी पॉवर बँक वेगळी ठेवा, फोनची तीच वापरू नका, कारण रात्री दीडला फोन मरायला टेकतो आणि तुम्ही हीटरची वायर काढून फोनला लावता. हिशोब सोपा आहे, १०००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॉट-तास असतात, प्रत्यक्ष हाताला ३० च्या आसपास लागतात, थंडीत अजून कमी. हीटर ५ वॉट खात असेल तर सहा तास. १० वॉट खात असेल तर तीनच, मग मोठी पॉवर बँक घ्या. घरी एकदा लावून ठेवा आणि किती वेळ चालतो ते घड्याळ लावून बघा, पट्टा खरंच गरम होतो का तेही. हीटर नाहीच मिळाला तर हात गरम करायच्या त्या पुड्या मिळतात, दोन पुड्या लेन्सच्या पुढच्या टोकाला रबरबँडने बांधा. त्यांच्यातली लोखंडाची पूड हवेतल्या ऑक्सिजनवर गरम होते, म्हणून वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळू नका, विझतील. लेन्स हूडही लावा, काचेसमोरचं उघडं आकाश थोडं कमी होतं, पण हूड आहे म्हणून हीटर नको असं करू नका. मी हूडच्याच भरवशावर होतो. वाइड लेन्सचा हूड केवढासा असतो!

कापडाने पुसू असाही विचार करू नका. पुसलं की पाण्याचे ओरखडे राहतात, काच अजून थंडच असते त्यामुळे काही मिनिटांत परत दव, आणि पुसताना फोकस रिंगला धक्का लागतो तो वेगळाच. तोंडाने फुंकर तर अजिबात मारू नका, तुमच्या श्वासात वाफच आहे. काच ओली झाल्यावर वाळवत बसण्यापेक्षा ती ओली होऊच न देणं सोपं. म्हणजे हीटर अगदी सुरुवातीपासून चालू हवा. दव दिसल्यावर नाही.

सेटिंग घरीच करून निघा. फाइल रॉ, म्हणजे कच्ची, जेपेग नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग, ऑटोवर नको, ४००० केल्व्हिनच्या आसपास एकच ठेवा म्हणजे सगळ्या फ्रेम सारख्या येतील. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन बंद. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा, तो उजेडाची भुतं आणतो आणि दव बसायला अजून एक काच देतो. फोटोतले दाणे म्हणजे नॉइज, तो कमी करणारं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, कारण २० सेकंदांच्या फ्रेमनंतर कॅमेरा अजून २० सेकंद स्वतःची काळी फ्रेम घेत बसतो, अर्धी रात्र त्यात जाते आणि स्टार ट्रेल, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्याच्या रेषा, करत असाल तर रेषा मध्येमध्ये तुटतात. स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी कमी. पूर्ण अंधारात उजळ स्क्रीनवर फोटो सुंदरच दिसतो, घरी आल्यावर कळतं की दोन स्टॉप, म्हणजे चौपट, काळा आहे, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळा-उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख, बघायची सवय लावा. आणि अंधारात बोटांनी बटणं सापडतात का ते घरी दिवे घालवून करून बघा, हसू नका, खरंच करा.

जागेवर पोचल्यावर क्रम चुकवू नका. आधी ट्रायपॉड, खालचे बारीक पाय शेवटी उघडा आणि मधला दांडा वर करू नका. मग कॅमेरा, फ्रेम ठरवा. मग लेन्सला ड्यू हीटर, लगेच चालू, आणि त्याची वायर ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने बांधा, नाहीतर लोंबकळणारी वायर वाऱ्यात कॅमेरा हलवते किंवा तुम्हीच अंधारात पाय अडकवता. पट्टा पुढच्या काचेच्या जितका जवळ बसेल तितका बसवा, पण फोकस रिंगवर नको. आणि हे सगळं झाल्यावर फोकस. हा क्रम महत्त्वाचा आहे, फोकस करून मग पट्टा गुंडाळलात तर गुंडाळताना रिंग सरकते आणि कळत नाही.

फोकस मॅन्युअल. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, आजकालच्या बऱ्याच ऑटोफोकस लेन्स त्या खुणेच्याही पुढे फिरतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, एक ठळक तारा धरा, पूर्ण झूम करा आणि तो सगळ्यात लहान टिपका होईपर्यंत रिंग हळूहळू फिरवा, थोडं पुढे जा, परत मागे या. मग चिकटपट्टी. हीटरच्या उबेने काच जरा हलते, म्हणून १५-२० मिनिटांनी परत एकदा तपासा. हीटर फुल्लवर ठेवायची गरज नसते, काच दवबिंदूच्या दोन-तीन अंश वर राहिली की काम झालं, लो किंवा मीडियम पुरतं.

एक्स्पोजरचं. तारे रेषांसारखे न ओढले जाता किती सेकंद शटर उघडं ठेवता येतं त्याचा ५०० चा नियम म्हणजे ५०० भागिले फोकल लेंग्थ (लेन्सचा एमएमचा आकडा), २० एमएमला २५ सेकंद, पण १.५ क्रॉपचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा दीडपट लहान, सेन्सर असेल तर २० एमएमचे ३० धरायचे म्हणजे १६-१७ सेकंद. हा नियम फिल्मच्या काळातला ढोबळ आहे, आजच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर झूम केलं की तारे लांबट दिसतात, मी ५०० च्या जागी ३०० धरतो. सुरुवात एफ २.८, आयएसओ ३२००, १५ सेकंद, आणि मग हिस्टोग्राम बघून हलवा. एकाच फ्रेमवर जीव टाकू नका, त्याच फ्रेमच्या १६ काढा आणि नंतर स्टॅक करा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढा, नॉइज चौथ्या भागावर येतो. टायमर लावताना बघा, काही कॅमेऱ्यात इंटरव्हल म्हणजे एका फ्रेमच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ, काहीत दोन फ्रेममधला नुसता रिकामा वेळ, तुमच्यात काय आहे ते माहीत पाहिजे.

आणि मग झोपू नका. दर २०-२५ मिनिटांनी उठा, दोन फ्रेमच्या मध्ये लाल उजेड बाजूने तिरका काचेवर टाका, काच कोरडी काळी दिसली पाहिजे. राखाडी, धुरकट दिसली तर दव सुरू झालंय, हीटर एक पायरी वाढवा, पॉवर बँक चालू आहे का बघा. शेवटची फ्रेम झूम करून पहिल्या फ्रेमशी ताडून बघा. तारे मऊ दिसायला लागले तर विरळ ढग आला असेल, असं मनाशी म्हणून सोडून देऊ नका, मी नेमकं तेच म्हणालो होतो आणि काच बघितलीच नाही. पाच पावलांवर होता कॅमेरा.

संपल्यावर टोपण लावून त्याच आयएसओ आणि त्याच वेळेच्या दहा-पंधरा काळ्या फ्रेम घ्या, सेन्सरचा नॉइज नंतर वजा करायला, तिथेच, थंडीतच, घरी नाही. जमिनीचा भाग वेगळा घ्यायचा असेल तर आयएसओ कमी करून दोन-तीन मिनिटांची एक फ्रेम. मग चिकटपट्टी काढा. कॅमेरा बाहेरच झिपवाल्या पिशवीत घालून बंद करा आणि उबदार खोलीत गेल्यावर तो खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका, नाहीतर घरच्या दमट हवेचं दव थंड कॅमेऱ्यावर बसतं, आतसुद्धा. कार्ड पिशवीत घालायच्या आधीच काढून घ्या म्हणजे फ्रेम बघायची घाई झाली तरी पिशवी उघडायला नको. पॉवर बँक त्याच दिवशी चार्जला लावा, आणि हीटरचा पट्टा वाळवून परत बॅगेतच ठेवा, कपाटात नाही.